गोशातला हुन्नर

क्रोशाने विणलेली, फुलाफुलांची तिकोनी शाल आज आपल्याकडे कोणाला नवी राहिलेली नाही. शहरातल्या दुकानांत ती टांगलेली दिसते, लग्नसराईत ती आहेरात दिली जाते. ही शाल कोणी हातात घेतली की तिच्या नजाकतीची तारीफ होते, आणि मग ‘फावल्या वेळात केलेले काम’ हे शब्द हमखास ऐकू येतात. विणणारी तेच म्हणते, विकत घेणाराही तेच म्हणतो. बोलण्याच्या ओघात येऊन जाणाऱ्या या शब्दांमागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आमच्या शालेय पुस्तकांत लढायांना आणि तहांना जागा असते, सुईला नसते. म्हणून या एका शालीच्या निमित्ताने सुईचा हा प्रवास वाचकांपुढे मांडावा, असे आम्हाला वाटले.

आधी शाल समजून घेऊ

क्रोशाला एकच सुई लागते. तिच्या टोकाला बारीक आकडा असतो. या आकड्याने धागा ओढून एका कडीतून दुसरी कडी काढली की साखळी तयार होते. साखळीवर मुका खांब, अर्धा खांब, पूर्ण खांब अशी चढती उंची घेता येते. एवढ्या तीन-चार प्रकारच्या टाक्यांवर सारी कला उभी आहे.

शालीवरचे गुलाबाचे फूल असेच होते. आधी सहा साखळ्या जोडून मधली गोल कडी करतात. तिच्यावर समान अंतराने खांब आणि साखळ्या घालून सहा घरे पाडतात. प्रत्येक घरात मुका खांब, अर्धा खांब, मधोमध काही पूर्ण खांब आणि पुन्हा उतरत्या क्रमाने अर्धा व मुका खांब भरला की एक पाकळी होते. सहा घरे भरली की पहिला फेर पुरा झाला. मग या पाकळ्यांच्या पाठीमागे साखळ्यांच्या नव्या कमानी घालतात आणि त्यांत अधिक खांब भरून दुसरा, थोडा मोठा फेर करतात. असे दोन-तीन फेर झाले की फूल कापडावर काढल्यासारखे सपाट न राहता खऱ्या गुलाबासारखे उठून दिसते.

अशी फुले ओळीने जोडत गेले की शाल होते. खालच्या टोकाला एक फूल, त्यावर दोन, त्यावर तीन, असे वाढवत दहाव्या ओळीत दहा. सर्व मिळून ५५ फुले. लांब बाजू मानेवरून दोन्ही खांद्यांवर येते आणि एका फुलाचे टोक पाठीवर उतरते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवावी लागेल. स्वेटरसारखे सुयांवरचे विणकाम यंत्राने होते, कापड यंत्राने होते, भरतकामही यंत्राने होते. पण खरा क्रोशा कारखान्यात घाऊकपणे विणणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. यंत्रावर होते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. याचा अर्थ असा की, जगाच्या कोणत्याही बाजारात, कितीही स्वस्त किंमतीला खऱ्या क्रोशाची वस्तू मिळत असली, तरी तिचा एकूण एक टाका कोणत्या तरी माणसाच्या, बहुधा बाईच्या, बोटांनी घातलेला असतो.

मोच्याची आरी

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ लहान आकडा. उर्दूत त्याचे क्रोशिया झाले, मराठीत क्रोशा किंवा क्रोशे. नाव फ्रेंच असल्यामुळे ही कलाही फिरंग्यांनीच आणली असे समजले जाते. ते पूर्ण खरे नाही.

आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो, तसे विणकाम अठराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी होत असल्याचा पक्का पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. मात्र त्याच्या आधीपासून युरोपात आणखी एक आकड्याचे काम लोकप्रिय झाले होते. ढोलासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून बसवायचे आणि आकड्याच्या सुईने खालचा धागा वर ओढून कापडावर साखळी टाका घालायचा. फ्रेंच लोक या चौकटीला ‘तांबूर’ म्हणजे ढोल म्हणत, आणि त्यावरून कामालाही तेच नाव पडले. हे काम युरोपात पूर्वेकडून गेले होते. पूर्वेकडे, विशेषतः गुजरात-कच्छमध्ये, ते मोची कारागीर करीत. चामडे टोचायची जी आरी, तिच्याच बारीक रूपाने ते कापडावर फुलेवेली काढीत. त्यांच्या हातचे साखळी टाक्याचे भरतकाम सतराव्या शतकात खंबायतच्या बाजूने इंग्रज व्यापाऱ्यांनी विलायतेला नेले. मराठीतही चांभाराच्या हत्याराला आपण आरीच म्हणतो. जरदोजीच्या कारखान्यांत कारचोबावर कापड ताणून बसणारे कारागीर आजही याच आरीने काम करतात आणि त्यांत मुसलमान कारागिरांची संख्या मोठी आहे.

बहुतेक अभ्यासकांच्या मते क्रोशा या आरीकामातूनच निघाला. चौकटीवरचे कापड काढून टाकले आणि साखळी नुसत्या हवेत घातली, की क्रोशा झाला. १८२० नंतरच्या दशकात ‘पेनेलोप’ नावाच्या डच नियतकालिकात क्रोशाचे नमुने छापून आले. ते छापील नमुन्यांतले सर्वांत जुने मानले जातात. तिथून पुढे हे काम युरोपातल्या सुखवस्तू घरांतल्या स्त्रियांचा छंद बनले. हत्याराचे मूळ मोच्याच्या दुकानात होते, ही गोष्ट मात्र हळूहळू विसरली गेली.

दुमडलेला रुमाल

शालीचा तिकोनी आकार युरोपात प्रतिष्ठेचा झाला, त्यातही काश्मीरचा मोठा वाटा आहे. काश्मीरमध्ये लांब शालीबरोबर चौरस शालही विणली जाई. तिला रुमाल म्हणत. मधोमध चंद्रासारखे गोल फूल आणि चार कोपऱ्यांना त्याच फुलाचे चतकोर तुकडे असले, की ती चांददार शाल. युरोपातल्या स्त्रिया हा चौरस रुमाल कर्णावर दुमडून तिकोनी करीत आणि खांद्यांवर घेत. नेपोलियनची बेगम जोसेफिन हिला काश्मिरी शालींचा शौक होता. तिची चित्रे पाहून पॅरिसमध्ये या शालींचे वेड पसरले, आणि मग ते विलायतेतही गेले.

ही शाल विणणारे शालबाफ श्रीनगरचे गरीब मुसलमान होते. पश्म कातण्याचे काम घराघरांत स्त्रिया करीत. १८२२-२३ मध्ये काश्मीरला गेलेल्या विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रज प्रवाशाने शालीच्या धंद्याची बारकाईने नोंद केली आहे. दिवसभर कातून त्या स्त्रियांच्या हाती किती थोडे पडत असे, हे त्यातून कळते. पुढे डोगरा राजवटीत ‘दाग-शाल’ या खात्यामार्फत शालींवर छाप मारली जाई आणि जबर कर वसूल केला जाई. शालबाफाला आपल्या मर्जीने धंदा सोडण्याचीही मुभा नव्हती. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या झालडगर भागात या कारागिरांनी कराविरुद्ध मोर्चा काढला. ते निःशस्त्र होते. फौजेने त्यांच्यावर चाल केली, पळताना अनेकजण पाण्यात पडून बुडाले. २८ जण मृत्युमुखी पडल्याचे सांगितले जाते. मुंबईत गिरण्यांचा धंदा जेमतेम सुरू झाला होता, त्या काळात काश्मीरच्या विणकरांनी मजुरीसाठी दिलेली ही कुर्बानी आहे. आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात तिचा उल्लेख क्वचितच येतो. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला, शालींची फॅशनही ओसरली आणि १८७७ ते १८७९ च्या दुष्काळात उरलेसुरले शालबाफ देशोधडीला लागले.

खऱ्या काश्मिरी शालीची किंमत सर्वसामान्य युरोपीय स्त्रीच्या आवाक्याबाहेर होती. स्कॉटलंडमधील पेझली गावात मागावर तिची नक्कल होऊ लागली. ज्यांना तीही परवडत नव्हती, त्यांच्यासाठी सूत आणि लोकर घेऊन घरीच शाल विणण्याचे नमुने छापील पुस्तकांतून येऊ लागले. अशा पुस्तकांनी क्रोशा घराघरांत पोचवला. आणि नेमक्या त्याच काळात आयर्लंडमध्ये हा छंद पोट भरण्याचे साधन बनला.

बटाटा कुजला तेव्हा

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. उभे पीक शेतात काळे पडून कुजले. आयर्लंडचा गरीब कूळ-शेतकरी बटाट्यावरच जगत होता. धान्य पिकत होते, पण ते जमीनदाराचा खंड भागवण्यासाठी विकावे लागे आणि उपासमार सुरू असतानाही जहाजांतून बाहेर जात होते. त्यावेळी आयर्लंडवर लंडनहून राज्य चालत होते. पुढल्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती, १८५१ मध्ये ती सुमारे ६५ लाख राहिली. या संकटात उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी १८४७ मध्ये एक हजार पौंडांची मदत पाठवली होती आणि आयर्लंडच्या प्रतिष्ठितांनी त्यांचे लेखी आभार मानले होते. कलकत्त्याहूनही मदतनिधी गेला होता. भूक ज्याने पाहिली आहे, त्याला दुसऱ्याची भूक कळते, ती अशी.

या दुष्काळात क्रोशा कामी आला. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन जोगिणींच्या मठात मुलींना क्रोशा शिकवला जाई. तिथून तो आसपासच्या गावांत पसरला. उत्तरेकडे मोनाहन परगण्यातल्या क्लोनिस गावी १८४७ मध्ये तिथल्या पाद्र्याची पत्नी कॅसान्ड्रा हँड हिने किल्डेअरहून शिक्षिका बोलावून गावच्या बायकामुलींना हे काम शिकवले. लंडनमध्ये राहणारी एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या काळात क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तके एकामागून एक प्रसिद्ध करीत होती. तिची आई आयरिश होती. इटलीतल्या व्हेनिसच्या महागड्या सुईजाळीसारखी दिसणारी, पण तिच्यापेक्षा कितीतरी लवकर होणारी जाळी क्रोशाने करता येते, हे या लोकांच्या लक्षात आले होते. गरज होती एक सुई, एक धाग्याची गुंडी आणि दोन हात यांची. माग नको, जागा नको, भांडवल नको. ज्या घरातले सर्व काही विकले गेले होते, त्या घरातही हे काम करता येत होते.

आज तिकोनी शालीवर दिसणारा उठावाचा गुलाब याच दुष्काळातला आहे. आयरिश बायका जाडसर दोरा आत धरून त्याच्यावर टाके घालीत, म्हणजे पाकळीला उभारी येई. गुलाब, तीन पानांचा शॅमरॉक, द्राक्षाचा घड, नेचाची पाने असे एकेक नमुने स्वतंत्रपणे करीत. मग ते कापडावर किंवा कागदावर मांडून त्यांच्यामध्ये बारीक गाठींची जाळी विणून सगळे एकत्र बांधीत. एखाद्या घराचा स्वतःचा असा खास नमुना असे आणि तो शेजाऱ्यांपासून जपला जाई, कारण त्याच्यावरच त्या घराची चूल पेटत होती. त्या पैशांतून कोणी खंड भरला, कोणी अमेरिकेच्या जहाजाचे भाडे भरले.

कामाची वाटणीही तेव्हाच झाली. एकजण फक्त गुलाब करी, दुसरी फक्त पाने, तिसरी जोडणी. माल गोळा करणारा दलाल वेगळा. तो डब्लिन, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथे जाई आणि मजुरी नगावर मिळे. जी बाई आयुष्यभर गुलाब विणत असे, तिला तो गुलाब कोणाच्या गळ्याशी बसला हे कळण्याचे कारण नव्हते. ही जाळी विलायतेच्या उच्चभ्रू स्त्रियांत मिरवू लागली. पुढे स्वित्झर्लंडमधल्या भरतकामाच्या यंत्रांवर तिच्या स्वस्त नकला निघू लागल्या, मग पहिले महायुद्ध आले, फॅशन बदलली आणि आयर्लंडमधला धंदा आटला. पण तोवर क्रोशा मिशनऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून आपल्या देशात आला होता.

गोदावरीच्या मुखाशी

आपल्या त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर नावाचे गाव आहे. आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातले हे गाव आज क्रोशाच्या जाळीसाठी ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात गोदावरीच्या परिसरात स्कॉटिश मिशनरी मॅकरे दांपत्याने हे काम आणले. सुरुवातीला ते शिकल्या त्या माला आणि मादिगा या दलित जातींतून ख्रिस्ती झालेल्या बायका. मिशनच्या बायका सूत देत, नमुना देत आणि तयार जाळी विलायतेला विकत. दुष्काळ आणि दारिद्र्य इथेही होतेच. पुढे मिशनच्या जागी व्यापारी आले, आणि दलित बायकांच्या बरोबरीने, नंतर त्यांच्याहूनही जास्त संख्येने, कापू या शेतकरी जातीच्या बायका हे काम करू लागल्या.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७८-७९ मध्ये नरसापूरच्या या बायकांचा अभ्यास केला. आमच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण साठच्या दशकात त्या पुण्यात जर्मन शिकवीत असत. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नरसापूरवरील पुस्तक १९८२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी जे दाखवले, ते वाचून आम्ही बराच वेळ विचार करीत राहिलो.

कापू समाजातल्या बायका गोशात राहत. शेतात मजुरीला जाणे त्यांच्या इभ्रतीला शोभत नाही असे मानले जाई. घरात बसून, सभ्यपणे करायचे काम म्हणून त्यांनी क्रोशा घेतला. स्वयंपाकपाणी, मुलेबाळे सांभाळून त्या रोज सहा ते आठ तास विणत. त्यांची जाळी परदेशांत विकली जात होती, निर्यातदार मोठे होत होते. पण या बायकांना कोणी कामगार म्हणत नव्हते. सरकारी आकड्यांत त्या कामकरी म्हणून मोजल्या जात नव्हत्या. त्या गृहिणी होत्या आणि ‘फावल्या वेळात’ विणत होत्या. म्हणून त्यांची मजुरी शेतमजूर बाईच्या मजुरीपेक्षाही कमी ठेवता येत होती. शेतात राबणारी दलित बाई त्यांच्याहून अधिक कमावत होती. तरीही गोशातली बाई स्वतःला तिच्याहून वरची समजत होती. आयर्लंडसारखीच इथेही फुले करणारी वेगळी आणि जोडणारी वेगळी होती. मधले दलाल आणि वरचे निर्यातदार बहुतेक पुरुष होते. बाईला बाजार दिसत नव्हता आणि बाजाराला बाई दिसत नव्हती.

गोशा हा फारसी शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ कोपरा. उर्दूत तो आजही त्या अर्थाने वापरतात, मराठीत आणि तेलुगूत तो पडद्याच्या अर्थाने रुळला. कोपऱ्यात बसलेल्या बाईचे काम कोपऱ्यातच राहते. ते काम नाही असे ठरवले, की त्याला दाम द्यावा लागत नाही. मीस यांनी मांडलेल्या विचाराचा सारांश आम्हाला असा समजला.

नरसापूरची गोष्ट तिथेच थांबली नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढे बायकांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा जाळीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. गावाचे नाव मालावर आले, ही आनंदाची गोष्ट आहे. विणणारीची मजुरी मालाच्या किंमतीत किती, हा प्रश्न मात्र निर्देशांकाने सुटत नाही.

आपल्या घरांत

ही सारी कथा आम्ही दूरची म्हणून सांगत नाही. मुंबईच्या भेंडीबाजारात दाऊदी बोहरा बांधवांच्या डोक्यावरची पांढरी-सोनेरी टोपी पाहावी. ती क्रोशाने विणलेली असते आणि बहुधा घरातल्या स्त्रीने विणलेली असते. नमाजासाठी घालतात त्या जाळीच्या टोप्या, कुरआन शरीफचा जुजदान, लेकीच्या रुखवतातले रुमाल, दस्तरख्वानाची कड, अशा कितीतरी ठिकाणी मुसलमान घरांत क्रोशा आहे. घरासाठी, प्रेमाने केलेल्या कामाचा हिशेब मांडू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण हेच काम जेव्हा दुकानदाराच्या सुतावर, त्याच्या नमुन्याप्रमाणे, नगावर केले जाते, तेव्हा तो छंद राहत नाही. तो धंदा असतो, आणि धंद्याला हिशेब हवा.

सच्चर समितीने २००६ मध्ये दिलेल्या अहवालात नोंदवले आहे की, काम करणाऱ्या मुसलमान स्त्रियांमध्ये घरात बसून काम करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. विडी, जरी, शिवण, गोधडी, टिकल्या लावणे, लोकर विणणे अशी ही कामे. बाहेरच्या जगाला वाटते, मुसलमान बाई घरात बसून आहे. वास्तविक ती घरात बसून राबत असते. दोष एकट्या बाजाराला देऊन भागणार नाही. ‘आमच्या घरातल्या बायका कामाला जात नाहीत’ असे अभिमानाने सांगणारे आमचेच बंधू असतात, आणि त्यांच्या माजघरात डझनावारी माल तयार होत असतो. बाई काम करत नाही असे घरानेच जाहीर केल्यावर दुकानदार तिला कामगाराची मजुरी का देईल?

मार्ग नाही असे नाही. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही स्त्री कामगारांची संघटना स्थापन केली. गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधडीच्या खोळी शिवणाऱ्या तिथल्या मुसलमान बायका या संघटनेत आल्या. त्यांनी नगाचा दर वाढवून मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांना चिंध्या देणेच बंद केले. मग त्यांनी स्वतः चिंध्या विकत घेऊन आपली ‘सबीना’ नावाची सहकारी संस्था उभी केली. पडद्यात राहणाऱ्या या बायका गिरण्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलायला गेल्या. घरी काम करणारा माणूसही कामगारच आहे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ च्या १७७ क्रमांकाच्या करारात मान्य केले. त्या कराराच्या मागे अहमदाबादच्या या बायकांची धडपडही आहे.

आमच्या दीनमध्ये तर याविषयी संशयाला जागाच नाही. उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा व्यापार करीत. हजरत जैनब बिन्त जहश स्वतःच्या हातांनी चामडे कमावीत, शिवीत आणि ती कमाई गोरगरिबांवर खर्च करीत. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी चुकती करावी, ही पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण लहान मुलालाही पाठ असते. घरात बसलेल्या बाईचा घाम कोणाला दिसत नाही, म्हणून तो घाम नव्हे असे कोणत्याही किताबात लिहिलेले नाही.

पुन्हा त्या ५५ फुलांकडे येऊ. सरावलेला हात एक फूल अर्ध्या तासात करतो असे धरू. ५५ फुलांना साडेसत्तावीस तास लागले. जोडणी, कड आणि धागे आत घेणे यांना साडेबारा तास धरू. एकूण चाळीस तास, म्हणजे आठ तासांचे पाच पूर्ण दिवस. सुताचे पैसे वजा जाता विणणारीच्या हाती पाचशे रुपये पडले असे समजू. दिवसाला शंभर, तासाला साडेबारा रुपये. एवढे गणित आमच्या सातवीच्या मुली तोंडी करतात. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला मुलींना फूल कसे विणायचे ते शिकवले जाते. ते शिकवावेच. त्याच तासाला हे गणितही शिकवावे, असे शिक्षक म्हणून आम्हाला वाटते. आपल्या तासाची किंमत ज्या मुलीला काढता येते, तिला पुढे कोणी ‘फावल्या वेळाचे’ दाम देऊ लागला तर निदान तिला ते कळेल. आणि हे गणित मुलांनाही शिकवावे. उद्या त्यांतलाच कोणी बाप होईल, भाऊ होईल, दुकानदार होईल.

मोच्याची आरी, काश्मीरचा रुमाल, आयर्लंडचा गुलाब आणि गोदावरीकाठची जाळी एवढे सगळे एका तिकोनी शालीत आहे. त्यांतल्या एकाही कारागिराचे नाव शालीवर लिहिलेले नाही. पूर्वीच्यांची नावे आता शोधून सापडणार नाहीत. आज विणणाऱ्या बाईला मात्र आपण ओळखतो. ती आपल्याच मोहल्ल्यात राहते. तिच्याकडून शाल घेताना किती वेळ लागला हे विचारावे, आणि भाव करण्यापूर्वी मनात एकदा भागाकार करून पाहावा.